खोदणारा

कागदावर त्याचं नाव चांदी अस्वल.
पालच्या रस्त्याला वनखात्याची पाटी आहे,
तिच्यावर तसंच लिहिलंय, चित्रात तो जरासा हसतो.
आमच्या तडवी वाड्यात तो बिज्जू,
आणि बिज्जू म्हणजे मुर्दे उकरणारा.
आजोबांनी सांगितलं, बापानं सांगितलं,
बघितलं कुणीच नाही.

जैतूनबीची कबर खचली,
पुरून वीस दिवस झाले नव्हते.
डोक्याकडची माती आत बसलेली
आणि चार पावलांवर, लिंबाकडे,
मुरमात नखांचे लांब ओरखडे.
पोरांनी कुत्री जमवली, दांडे,
केळीच्या बागेत डुकरांसाठी ठेवलेलं जाळं.
म्हणाले, लुकमानचाचा, तुम्ही नुसती बॅटरी धरा.

चाळीस वर्षं मी खड्डे खोदतोय.
वर हातभर काळी, खाली पिवळा मुरूम,
मग पहारीचा खणखणाट थेट दातांपर्यंत.
जिथं मला न्याहारीपर्यंत घाम फुटतो
तिथं हा, विडी विझायच्या आत,
अख्खा अंगानं आत जातो.
हे मात्र मी बघितलंय, दोनदा,
आणि खोटं कशाला, मला हेवा वाटला.

मध्यरात्रीनंतर आला, सुकीच्या पात्राकडून.
घाई नाही, लपणं नाही,
बाजाराला निघालेल्या माणसाची दुडकी चाल.
डोक्यापासून शेपटीपर्यंत पाठीला चुना फासलेला,
त्याखाली सगळं डांबर.
कान म्हणजे नुसत्या कडा;
खोदताना त्याही मिटतो म्हणतात, माती जाऊ नये म्हणून.
मागोमाग पिल्लू आलं,
तेव्हा कळलं, हा नाही, ही आहे.
एकच पिल्लू.
वर्ष उलटलं तरी आईच्या मागेच असतं ते,
पोळं कुठल्या कपारीत, उंदीर कुठल्या बिळात,
नागाला कुठून धरायचं
हे काही एका रात्रीत शिकून होत नाही.

कबरीकडे तिनं बघितलंही नाही.
लिंबाच्या मुळाशी नाक टेकलं,
फुर्र करून धूळ उडवली
आणि उकरली हुमणी,
पांढरी, लठ्ठ, बोटाएवढी,
जिच्यासाठी आम्ही शेतात औषधं ओततो.
एक तिनं खाल्ली. दुसरी मातीत तशीच ठेवली,
पिल्लाला सापडावी म्हणून.

हमीदनं कुत्री सोडली.
पहिल्यानं मान धरली, नीट, तोंडभर,
पण तोंडात आलं ते नुसतं कातडं,
थोरल्या भावाच्या सदऱ्यासारखं सैल.
ती आतल्या आत वळली
आणि कुत्र्याच्या नाकाडात दात रोवले.
मग तो वास सुटला,
मोरीत काहीतरी मेल्यासारखा.
कुत्री केकाटत बागेत पळाली.
पिल्लू खड्ड्यात शेपटी ताठ करून
गुरगुरायचा सराव करत होतं.

पोरं दांडे घेऊन सरकली.
माझ्या हातातला उजेड हलायला लागला.
म्हटलं, हमीद, थांब जरा.
कबर हिनं नाही उकरली.
त्या दिवशी फळ्या कमी पडल्या होत्या.
दोन मी केळीच्या खोक्यांच्या टाकल्या,
वरून माती ओढली. म्हटलं, कुणाला कळतंय.

हमीद माझ्याकडे नाही,
बॅटरीकडे बघत राहिला.
कुणीतरी खोकलं.
ती निघाली, आली तशीच, दुडक्या चालीनं,
वळून न बघता;
पिल्लू दोनदा थांबलं.

सकाळी मी सागाच्या फळ्या आणल्या.
हमीद आला, घमेलं उचललं, बोलला नाही.
अजून बोलत नाही.

काम आटपल्यावर लिंबाखाली गेलो,
तिच्या खड्ड्यात हात घालून बघितला.
कोपरापर्यंत गेला.
कड साफ होती, एक ढेकूळ सैल नाही.
अशी कड मला आता जमत नाही.