साठच्या वर नको

वसमतच्या जिनिंगवर, वजनकाट्याच्या खोलीत,
डबा नवा, मॉनिटर जुना.
मागची पट्टी कोणीतरी नखानं खरवडलेली :
कंपनी नाही, साल नाही.
केबल उजेडात धरली. बारावी पिन मोडलेली.
म्हणजे याला ऐकू येतं,
नाव-गाव तेवढं सांगता येत नाही.

बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग, हॉर्न.
मालक म्हणाले, 'मोठ्यात मोठं लावून टाका हो,
नंतर कमी करता येतंय.'

नंतर.
सेलूला मी तसं केलं होतं, शिकाऊ असताना.
एका अनोळखी पडद्याकडे पंच्याऐंशी हर्ट्झ मागितले.
त्यानं बारीक शिट्टी घातली,
मग आत काहीतरी टिचलं,
मग जळक्या रबराचा वास, संध्याकाळपर्यंत.
मुस्तकीमचाचा ओरडले नाहीत.
म्हणाले, 'दारात आलेल्या माणसाला
आधी काय पुसतोस? तिखट चालतं का?
पाणी दे आधी. पाणी कुणाला बाधत नाही.'

म्हणून सहाशे चाळीस बाय चारशे ऐंशी,
सेकंदाला साठ.
एवढं कुठलाही पडदा पेलतो,
माझ्या जन्माआधीचासुद्धा.

खट् झालं. काच घुमली.
आणि उजेड आला, जाडाभरडा,
कडेनं जरा फाटलेल्या भाकरीसारखा.

मालकांना पटलं नाही.
'ढेकळं दिसायलीत सगळी. अन् खालचं बटन?'
बटन खरंच चौकटीबाहेर गेलं होतं.
गंगासागरताईंना मी कागदावर लिहून दिलं :
टॅब चार वेळा, मग एंटर.

अकरा वर्षं त्या काट्यावर बसतात.
आकडा वाचताना नाक काचेला लागायचं,
सगळ्यांना वाटायचं, बसायची पद्धतच तशी.
आज खुर्चीला पाठ टेकून म्हणाल्या,
'चौतीस क्विंटल साठ किलो.'
आणि पुन्हा एकदा, कुणी विचारलं नसताना,
'चौतीस, साठ.'

पडद्याच्या कपाळावर मी चिकटपट्टी लावली,
पेनानं लिहिलं : हा बोलत नाही. साठच्या वर नको.
नांदेडहून केबल सोमवारी येईल,
मग सांगेल हा, काय काय पेलतं ते.
पुष्कळ पेलत असेलही.

पेचकस पिशवीत टाकून निघालो
तर ताई दारापर्यंत आल्या, हळूच म्हणाल्या,
'ती केबल आणलीच पाहिजे का?'