पडतं घेणं

सोहारला टायरच्या दुकानामागे गोदाम मिळालं,
आठवड्यातल्या तीन संध्याकाळी,
मगरिबनंतर सुरू, इशाच्या आत बंद.
चटया बेचाळीस, बंद पडलेल्या एका शाळेच्या,
सहांचे कोपरे उंदरांनी खाल्लेले.
एसी अशी धाप टाकतो
की माझी हाक मलाच ऐकू येत नाही.

जाहिरात मीच चिकटवली,
शवर्मावाल्याच्या काचेवर, मासळीबाजारात बर्फाच्या पेट्यांवर.
अरबीत शेवटचं अक्षर चुकलं
आणि ज्यूदोचं झालं 'गुणवत्ता'.
पहिल्या दिवशी आले एकटे सालिम मामरी,
कारखान्याचं प्रमाणपत्र इथेच मिळतं का, विचारत.
चहा पाजला.
तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलगी धाडली, रय्या,
वय अकरा, मनगटं काटक,
आणि तिच्यामागून गल्लीच आली.

पोशाख शिवले गुल जमानने,
एरवी तो डिशडाशा शिवतो.
कापड तंबूचं. पहिल्यांदा घातले
तेव्हा पोरं पत्र्याच्या डब्यांसारखी वाजली.

एक आजोबा दारात थांबले. झुकायचं ते कुणापुढे?
रागावून नाही, नीट कळावं म्हणून.
माझ्याकडे उत्तर होतं, लांबलचक, पाठ केलेलं.
ते गिळलं.
त्या दिवसापासून आम्ही उजवा तळवा छातीवर ठेवतो,
इथली माणसं तशीही ठेवतातच.
आता भाजीवाल्यापुढेही माझा हात आपोआप जातो.

महिनाभर मी फक्त पडायला शिकवते.
हनुवटी छातीला, पाठ गोल,
आणि हात सपकन चटईवर, जमिनीच्या आधी आपणच आवाज करायचा.
बाप लोक कुरकुरतात,
पडण्याचे पाच रियाल?
पडायला पैसे कशाला, पोरं फुकट पडतात.

बार्शीला आई सारखी म्हणायची, पडतं घे.
काकूपुढे, मुख्याध्यापकांपुढे, रिक्षावाल्यापुढेसुद्धा.
दात-ओठ खायचे मी.
मग बाविसाव्या वर्षी, एका शिबिरात,
माझ्या निम्म्या वजनाच्या पोरीने ढकलू दिलं मला,
ढकलू दिलं, ढकलू दिलं,
आणि एकाएकी ती तिथे नव्हतीच.
छताचे पत्रे मोजत मी पडले होते,
आईचा शब्द छातीवर बसला होता.
आईला हे म्हणायचं नव्हतं. तिने खरंच पडतं घेतलं, आयुष्यभर,
आणि कुणी आपटलं नाही त्यापायी.

हे अरबीत कसं सांगू?
माझ्या अरबीत पंचवीस क्रियापदं.
रय्याला म्हणते, ढकल,
आणि बाजूला होते.

जिबिन मात्र पडत नाही.
भिंतीला टेकून उभा राहतो, पट्ट्याचं टोक चावत.
सक्ती मी करत नाही. त्याचे वडील बंदरावर
परांचीवरून पडले, गेल्या वर्षी, भर दुपारी.
या किनाऱ्यावर पडणं या शब्दाला
माझ्या चटईहून खोल तळ आहे.
हे माझ्या लक्षात यायला उशीर झाला.

काल ते न्यायला लवकर आले, काठी टेकत.
चपला काढल्या. काठी भिंतीला लावली.
कुणाला न विचारता चटईवर बसले,
गुडघा दोन हातांनी उचलून जागेवर ठेवला,
आणि मागे पडले.
सपकन.
सगळी पोरं थांबली. एसीही थांबल्यासारखा वाटला.

हनुवटी, अप्पा, जिबिन म्हणाला.
हनुवटी आत.

ते पुन्हा बसले, पुन्हा पडले,
या वेळी जरा बरे.

इशाची बांग झाली. चटया गुंडाळायच्या.
जिबिन अजून पडलेला नाही.
पण कुरतडलेल्या कोपऱ्याची चटई मी उचलली
तेव्हा दुसरं टोक आधीच
कुणीतरी धरलेलं होतं.