बारदान, एक नग

फुटरमल शेठच्या गाळ्यावर मी बावीस वर्षं दिवाणजी.
मार्केट यार्डात, भुसार बाजारात,
माणूस आधी शिंकतो, मग भाव सांगतो.

त्या गुरुवारी ती आली पांढरा मका शोधत,
कोंढव्याहून, दोन रिक्षा बदलून.
नाव तियामिके. एम. कॉम., दुसरं वर्ष.
पिवळा नको म्हणाली. पांढराच हवा,
दळून, घट्ट शिजवून, हातानं खायचा.
मी म्हटलं, आमच्याकडे उकड असते तशी.
ती म्हणाली, नाही.

तेवढ्यात तिला थप्पी दिसली.
अठ्ठावीस पोती,
निळ्या शाईत छापलेलं मलावी,
त्याखाली पुसट, एका जिल्ह्याचं नाव.
तिनं ते अक्षर अक्षर बोटानं दाबून पाहिलं,
कच्चा आंबा पाहतात तसं.
'नांदोलो,' ती म्हणाली.
'तूर,' म्हणाला तोलणार हणमंता.
इतक्या वर्षांत असा सौदा पाहिला नव्हता,
शब्दाला शब्द, अडत न कापता.

पाठकोऱ्या पावतीवर मी तिला नकाशा काढायला लावला.
तिनं उभी लांबट रेघ ओढली. हे सरोवर.
आणि समुद्र?
पेन पावती सोडून टेबलावर उतरलं,
काचेवरून सरकत
शेठच्या चष्म्याच्या डबीपाशी थांबलं.
इथे. पण तो शेजाऱ्यांचा.

मग आम्ही दोघं हिशेबाला बसलो.
आई शेतातच विकते, सायकलवरून येणाऱ्या दलालाला.
काटा त्याचा, त्यामुळे झुकतंही त्याच्याकडेच.
मग गोदाम, मग ट्रक, मग हद्द.
हद्दीवर दोन दिवस, कधी नऊ.
डिझेल नाही, कारण डॉलर नाहीत.
डॉलर नाहीत,
कारण तूर अजून हद्दीवरच उभी.
हे मी तिला पुन्हा सांगायला लावलं.
आमच्यात याला खेळतं भांडवल अडकणं म्हणतात,
पण ते एखाद्या पेढीचं अडकतं.
देशाचं अडकलं तर तगादा लावायचा कुणाकडे?

पुढे बंदर, बंदराचं भाडं, जहाज,
न्हावाशेवा, आणि खंडाळ्याचा घाट.
घाटापाशी मला जरा बरं वाटलं.
पुण्यालाही समुद्र नाही, मी म्हटलं.
ती म्हणाली, पण तुमचा घाट तुमचाच आहे.

हणमंतानं चहा सांगितला होता, तो आला.
तिनं फलकावरचा आजचा दर वाचला,
मोबाईलवर गुणिले, भागिले,
आणि मोबाईल पालथा ठेवला.
आमच्या पैशाला क्वाचा म्हणतात, म्हणाली,
अर्थ, पहाट झाली.
मी सवयीनं विचारलं, काय भाव?
परवा पुन्हा उतरली, ती म्हणाली,
आणि हसली. एकटीच. आधी.
मग हणमंता, मग मी,
मग गल्ल्यावरून शेठ, न कळताच.

पांढरा मका नव्हताच आमच्याकडे.
जाताना तिनं विचारलं, यातलं एक रिकामं पोतं मिळेल?
नाव छापलेलं.
मी सवयीनंच बोललो, बारदानाचे वेगळे. अठरा रुपये.
तोंडातून गेलं ते गेलं.
तिनं वीसची नोट दिली, दोन रुपये मोजून परत घेतले,
पोतं झटकलं.
आत राहिलेले सहा-सात दाणे फरशीवर पडले,
तेही तिनं उचलले.
कोणी काही बोललं नाही,
ते दाणे कोणत्या खात्यात जातात
मलाही ठाऊक नव्हतं.

रात्री घरी आमटी होती.
परदेशी तूर, शिजत नाही मेली, बायको म्हणाली,
दोन शिट्ट्या जास्त घेते.
मी म्हटलं, लांबून येते.

रोजमेळ मिटवायच्या आधी
एक ओळ राहिली होती, ती मी सकाळी जाऊन भरली:
बारदान, एक नग. रोख अठरा.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना.
लिहिलं, निर्यात.
शेठनं वाचलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि सही केली.