इतर

अर्जाच्या चौथ्या पानावर एक यादी उघडते.
तिच्यात आपलं विद्यापीठ शोधायचं.
मी दोनदा खाली गेले, दोनदा वर आले,
मग अगदी तळाशी एकटाच बसलेला शब्द दिसला:
इतर.
त्याच्यावर बोट ठेवलं.

असे एकवीस अर्ज. बोटाला सवय झाली.
उत्तर कुठूनच नाही.
नकार तरी यावा,
नकार म्हणजे निदान खिजगणतीत धरल्यासारखं.

आमचं कॉलेज ग्रिम्सबीच्या बाहेर, कार्पेटच्या जुन्या गोदामात.
हीटर लावला की भिंतींतून गोंदाचा वास यायचा.
त्या वासात मी ताळेबंद शिकले
मिस्टर ऑल्डरिजकडून, जे बुधवारपर्यंत शिकवायचे
आणि उरलेले दिवस दोन पबांचे हिशेब लिहायचे.
"इन्व्हेस्टमेंट बँक?" म्हणाले,
आणि चष्मा पुसायला काढला.
बराच वेळ पुसत राहिले.

लंडनच्या बँकांमध्ये आमच्या कॉलेजचं कोण, म्हणून धुंडाळलं.
एकच बाई निघाली. मॉरीन टास्कर. पगारखातं.
तिला लिहिलं. तासाभरात उत्तर:
गुरुवारी ये, बारा चाळीसला.
सँडविच घरून आण, इथलं परवडणार नाही.

रात्रभर बस. व्हिक्टोरियाच्या स्वच्छतागृहात बूट बदलले.
मावसबहिणीचा कोट, बाह्या मनगटाच्या वरच.
मॉरीन जिन्यात बसून खात होती.
"माझ्या हातात काही नाही गं," ती म्हणाली,
"पगाराच्या पावत्या सोडून.
पण कोण जाणार ते मला आधी कळतं.
खाद्यकंपन्यांच्या टीममधला एक पोरगा उद्या जातोय.
सोमवारी त्यांना माणूस लागेल.
तिथल्या बाईंना चारच्या आत लिही.
आणि माझं नाव, देवाशपथ, कुठे घालू नकोस."
मग माझ्या कोटावरचा बसच्या सीटचा धागा उचलून
तिनं नॅपकिनमध्ये गुंडाळला.

मुलाखतीत तिघं.
"मासळीवर प्रक्रिया करणारी कंपनी आहे. किंमत कशी काढाल?"
सगळी सूत्रं पाठ होती, झोपेत म्हणाले असते.
तोंडातून निघालं, "कुठल्या वारी?"
तिघांनी माना वर केल्या. आता मागे फिरण्यात अर्थ नव्हता.
सांगितलं: सोमवारचा मासा निराळा, शुक्रवारचा निराळा,
बर्फाचं वजन आधी वजा करायचं,
आणि माझा बाप लिलावात पेटीतले वरचे चार बघतच नाही,
कोपरापर्यंत हात घालून तळाचा काढतो.
एकानं काहीतरी लिहून घेतलं.
काय, ते मला आजही माहीत नाही.

तीन महिन्यांचा करार मिळाला.
शेजारच्या ह्यूगोनं विचारलं, "तू कुठली?"
"ग्रिम्सबी."
"नाही, म्हणजे... कुठली?"

पहाटे तीनला बापाचा फोन येतो.
तो बाजाराला निघालेला, मी अजून घरी न गेलेली.
त्याच्या मागे पेट्या ओढल्याचा आवाज,
माझ्या मागे सफाईवाल्या ओलुफेमीचं यंत्र.
"आज काय विकलंस?"
"अजून काही नाही. एका कंपनीची किंमत काढतेय."
"पाहिलीस का ती?"
"आकडे पाहिले."
तो गप्प. कुणीतरी त्याला हाक मारली.
"बरं. तळाचा बघून घे," म्हणाला, आणि फोन ठेवला.

फाइल पुन्हा उघडली. एकशे चौदा पानं.
कॉफी गार झाली होती, तशीच प्यायले.
शेवटच्या पानावर, सगळ्या बेरजांच्या खाली,
बारीक अक्षरात एक ओळ होती,
जी दोन आठवड्यांत कुणीच उघडली नव्हती:
इतर देणी.

त्याच्यावर बोट ठेवलं.