पहिले तीन सेकंद

किल्ली फिरवली की आधी साखळी बोलते,
मग इंजिन.
तीन सेकंद. पत्र्याच्या डब्यात
कुणी मूठभर खिळे हलवावेत तशी.
मग तेल वर चढतं, टेन्शनर ताण धरतो,
आणि जणू काही झालंच नव्हतं अशी
गाडी शहाण्यासारखी गुरगुरू लागते.

मे संपताना पुन्ता आरेनासला नऊ वाजून गेल्यावर उजाडतं.
समुद्रधुनीवरचा वारा गाडीचं दार उघडू देत नाही,
उघडलं तर मिटू देत नाही.
मी लसींची पेटी मागच्या सीटला बांधते
आणि त्या तीन सेकंदांकडे कानाडोळा करते.
मार्चपासून.

पट्टा असता तर तारीख असती:
लाखभर किलोमीटर, बदला, विषय संपला.
साखळीला तारीख नसते.
"गाडी आहे तोवर ती आहे," विकणारा म्हणाला होता,
जकातमुक्त बाजारात, काचेवर अजून जपानी अक्षरं होती.
आता आकडा दोन लाख चौदा हजार,
आणि तो खोटं बोलला असंही म्हणता येत नाही.

वीजबिलाच्या पाठीवर हिशेब केलाय:
साखळी, टेन्शनर, दोन्ही गाईड, तीन दिवसांची मजुरी,
म्हणजे गाडीची निम्मी किंमत.
न केल्यास: एक दात निसटणार,
व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटणार,
तेही सान ग्रेगोरियोच्या पुढे कुठेतरी,
जिथे फोन लागत नाही
आणि मेंढ्या नुसत्या बघत राहतात.
पण कधी?
तेवढी जागा बिलावर उरली नाही.

एलेउतेरियो बारियाच्या गॅरेजात मी एकोणीस वर्षं जाते.
त्याची पद्धत ठरलेली:
स्क्रूड्रायव्हरचं टोक झाकणावर, मूठ कानाला,
डोळे मिटलेले, तोंडात विझलेली सिगारेट.
रात्रभर गारठलेलं इंजिन त्याने सुरू करायला लावलं.
खिळे खळखळले.
"छान आहे," तो म्हणाला, "अजून दोन हिवाळे सहज."

मागे येर्को, त्याचा पोरगेला मदतनीस,
फडक्याने तोच पाना पुन्हा पुन्हा पुसत होता.
त्याने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे.
तेव्हा कळलं.
मघाशी मी "दोन हिवाळे?" असं विचारलं होतं
आणि उत्तर आलं होतं, "हो, वारा फार आहे."

काय करायचं होतं मी?
दोन गल्ल्या सोडून मार्तिनिचचं नवं गॅरेज आहे,
संगणक लावतात, कागद छापून देतात.
त्याच्यासमोर उभं राहून
त्याचे कान मोडीत काढायचे होते?
मी त्याच्या तोंडासमोर उभी राहिले, सावकाश बोलले:
"जुलैत बेटावर जायचंय. मनात भीती नको.
बदलूनच टाक."
"पैसे जास्त झालेत तुला," तो हसला.

दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं.
साखळी सैल पडली होती, ओल्या दोरीसारखी.
गाईडचा एक तुकडा तेलात खाली सापडला,
नखाएवढा, करपलेला.
जुनी साखळी त्याने नवीशेजारी टांगली,
शेवटच्या कडीपाशी बोट धरून
दोघींतलं अंतर बघत राहिला.
बराच वेळ.
"आवाज कधीपासून होता?"
"नव्हता," मी म्हणाले.
येर्को चहाला गेला.

बिलात मजुरी एकाच दिवसाची लावली होती.
मी काही विचारलं नाही.

गुरुवारी पहाटे, उणे सहा,
फाटक उघडं, वाऱ्याने कॅलेंडरची पानं फडफडताहेत.
त्याने किल्ली फिरवली.
एक. दोन. तीन.
नुसतं इंजिन.

स्क्रूड्रायव्हर बाकावरच पडला होता.
उजवा तळवा झाकणावर सपाट ठेवून
तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता.