व्हाळाच्या वाळूतली एकोणीस

उंची: साडेचार सेंटिमीटर.
पाने: नाहीत.
हिरवेपणा: कुठेच नाही.
इथवर लिहून पेन थांबतं,
कारण पुढचा रकाना रंगाचा,
आणि मला आठवते ती उकड्या तांदळाची पेज
निवल्यावर वर धरते ती पातळ साय.
असा रंग कुठल्या तक्त्यात नाही.

नेत्रावळीच्या वर, वेर्ल्याच्या वाटेवर,
व्हाळ वळताना थोडी वाळू टाकून जातो.
दोन गोणपाटं अंथरावीत एवढीच ती.
वर रानजायफळ, भेरलीमाड. भर दुपारी टॉर्च.
पुढे चालणाऱ्या कुष्टा वेळीपने
एक पाय हवेतच ठेवला.
साप? मी विचारलं.
"न्हय. हीं."

हीं म्हणजे एकोणीस.
पाचोळ्याखालच्या बुरशीकडून जेवण उसनं घेऊन
सात-आठ दिवस उभी राहणारी,
मग काही घडलंच नाही अशी.

तीन वर्षं जुळवत बसले.
जुन्या संग्रहांतले पिवळे कागद, परदेशी स्कॅन,
भिंगाखाली बियांवरची जाळी.
कुणाशी नातं लागेना.
अशा वेळी 'विज्ञानाला नवीन' असं लिहितात.
लिहिलं.

कुष्टाची आई, सोमती, बावन्न वर्षांपूर्वी
नवरी होऊन आली त्या वाटेने.
सासूने दाखवलं होतं, इथे पाय चुकवायचा.
तुम्ही काय म्हणता ह्याला?
ती शेणाचे हात धूत म्हणाली,
"ताका आमी उलो कित्याक मारूं?"

हाक मारायची नसेल तर नाव कशाला,
ह्यावर नियमावलीत कलम नाही.
कलम आहे ते नमुन्याचं:
एक तरी झाड उपटलेलं, वाळवलेलं, कपाटात हवं.
ते मीच उपटलं.
भरती-ओहोटीचं कोष्टक छापलेल्या पानात दाबलं.
मुळांशी आलेली वाळू झाडायची असते,
झाडली नाही.

संख्या: अठरा.
ठिकाण: अक्षांश, रेखांश.
पूर्ण टाइप केले,
मग शेवटचे तीन तीन अंक खोडले.
संपादक विचारतील. विचारू देत.
वाळूला भाव आहे हल्ली,
आणि दुर्मीळ फुलांच्या फोटोलाही.

उद्या कुष्टाला फोन करायचा,
वेर्ल्यात रेंज असली तर.
सांगायचं, नाव ठरलं. लॅटिनमध्ये आहे.
अर्थ: वाळूत राहणारी.
तो थोडा वेळ गप्प राहील,
मग विचारील,
इतलेंच?