राखाडी क्रमांक सतरा

तिकीटखिडकीवरचा पोरगा म्हणाला, ज्येष्ठांना सवलत आहे.
मी म्हटलं, मी या सिनेमात काम केलंय.
या? नव्या?
नाही रे, जुन्या.
त्यानं माझा चेहरा नीट निरखला,
गाढवाशी काही साम्य सापडतंय का ते बघत.

बरबँकला ऑक्टोबरचा कोरडा वारा सुटला होता,
पार्किंगमध्ये पामच्या झावळ्या आडव्या.
अर्लीन असती तर म्हणाली असती, फुमी, घरी चल,
आपलं गाढव आपल्याला ठाऊक आहे.
अर्लीनला जाऊन चार वर्षं झाली.

ती पुढून रेघ काढायची, मी पाठीमागून रंग भरायची,
सेल्युलॉइडच्या पारदर्शक तावावर,
हातात पांढरे सुती मोजे, तीन बोटं कापलेले.
खोलीत चाळीस बायका आणि पंखा बंद,
कारण धुळीचा कण बसला तरी गाढवाला खरूज झाल्यासारखी दिसे.
एका सेकंदाला चोवीस गाढवं.
ओझं त्याच्या पाठीवर,
हेलपाटे आमच्या वाट्याला.
पडद्यावर नावं आली ती पेन्सिलवाल्या पुरुषांची.
मी राखाडी क्रमांक सतरा.
बरणीवर तेवढंच लिहिलेलं असायचं.

दिवे गेले, आणि हे नवं गाढव आलं.
काय सांगू! केस न् केस मोजून घ्यावा.
नाकपुडीत ओल, खुराला चिखल,
पापणीवर बसलेली माशीसुद्धा अस्सल.
शेजारच्या मुलानं विचारलं, बाबा, हे खरं आहे?
बाबा म्हणाला, कॉम्प्युटरवर केलंय.
मुलगा पॉपकॉर्नकडे वळला.

मग मिठाचा व्यापारी त्याला विकतो, तो प्रसंग.
आमचं गाढव लगेच रडायचं नाही.
आधी कान पडायचे, सहा चित्रं,
मग मान,
मग काहीच नाही, बारा चित्रं नुसती शांत,
आणि मग एक थेंब, फिका निळा, क्रमांक त्रेचाळीस.
थिएटरभर पर्स उघडल्याचे आवाज.
हे गाढव नुसतं बघत राहिलं.
खऱ्या गाढवाला रडता येत नाही म्हणून
यालाही कुणी रडवलं नाही.
मी मनात म्हटलं, जमलं नाही तुम्हाला, पोरांनो.

पण ते बघतच राहिलं,
आणि मला वडील आठवले. साल बेचाळीस.
छावणीत जायला आठ दिवस उरलेले,
आणि ते आमची गुलाबाची रोपवाटिका विकत होते,
ट्रकसकट, पाण्याच्या पाइपांसकट,
एका माणसाला, तो सांगेल त्या भावात.
मी चार वर्षांची, त्यांच्या कोटाचं टोक धरून.
त्यांचे कान पडले नाहीत.
थेंब नाही.
ते असेच, याच डोळ्यांनी, फाटकाकडे बघत होते.

मग पूल आला.
आता सांगायला हरकत नाही:
पुलावर गाढव मान वळवतं तिथं एका तावावर
डाव्या कानाच्या आत मी रंग भरायला विसरले होते.
सेकंदाचा चोविसावा भाग
त्या कानातून मागचं पांढरं आभाळ दिसतं.
तपासणाऱ्या बाईलाही कळलं नाही.
बासष्ट वर्षं ते दोघींतच राहिलं,
अर्लीन आणि मी.

नव्या पुलावर वाऱ्यानं कान उलटला,
आणि आत पांढरा ठिपका.
खराखुरा, लवेचा.
पुढच्या प्रसंगातही. त्याच्या पुढच्याही.
जन्मखूण असावी तसा.
कुणीतरी पोरगं आमचा सिनेमा थांबवून थांबवून बघत बसलं होतं,
आणि त्याला वाटलं होतं, हे मुद्दाम केलंय.

मी इतक्या मोठ्यानं हसले की
बाबानं वळून पाहिलं. पडद्यावर तेव्हा गाढव बुडत होतं.

शेवटी नावं सुरू झाली, अकरा मिनिटं चालली.
मी चष्मा पुसून सगळी वाचली,
केसांवर काम करणारे, पाण्यावर करणारे,
जेवण पुरवणारे.
झाडूवाला येऊन दोन रांगा सोडून उभा राहिला.
कान कुणी केले ते लिहिलं नव्हतं.